दहा मिनिटं पुढचं घड्याळ

भाऊ,

तुमच्या तेरवीलाही मी दहा मिनिटं उशिरा पोचले. म्हणजे तुमच्या घड्याळाप्रमाणे उशिरा आणि जगाच्या घड्याळाप्रमाणे अगदी वेळेवर. ऊर्जानगरातल्या तुमच्या लेकाच्या, प्रमोदच्या, क्वार्टरमध्ये पाऊल टाकलं आणि सवयीनं आधी भिंतीकडे पाहिलं. होतंच ते तिथं, पुढे पळणारं. कोणी पाहुणा प्रमोदला म्हणाला, "घड्याळ दहा मिनिटं समोर हाय रे, बरोबर करून टाक." वहिनी आतून म्हणाल्या, "राहू द्या. ते त्यायचं हाय." प्रमोदनं वर केलेला हात मागे घेतला. मला एवढं भरून आलं की पाण्याचा ग्लास घेऊन मी बाहेर पायरीवर जाऊन बसले.

तुम्हाला सांगायची एक गोष्ट माझ्याकडे सात वर्षं पडून आहे. दर वेळी फोन लावताना ठरवायचे, आज सांगून टाकायचं. मग तुम्ही विचारायचात, "दोघी बहिणी बोलून राह्यल्या ना?" आणि मी "हो" म्हणून दुसरंच काही बोलायला लागायचे. आता तुम्ही दुपारी जेवून आडवे झालात आणि उठलाच नाहीत. मला राग आलाय भाऊ. मुख्यतः माझाच आलाय. पण आयुष्यभर दहा मिनिटं आधी तयार राहणारा माणूस जाताना कोणाला एक मिनिटसुद्धा देत नाही, म्हणून थोडा तुमचाही आलाय.

मी चंद्रपूरच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये आले तेव्हा चोवीस वर्षांची होते. सांगलीची, नवी कोरी ज्युनिअर इंजिनिअर, आणि स्वतःला फार हुशार समजणारी. पहिल्या दिवशी तुम्ही मला सर्व्हर रूम दाखवलीत. आत शिरण्याआधी मनगटावरचं घड्याळ काढून दाराजवळच्या खुंटीला अडकवलंत. मी विचारलं, हे कशाला? तुम्ही म्हणालात, "बॅटरीपाशी लोखंडाचा पट्टा घालून काम कराचं नाई, मॅडम. हात भाजते." मग आत भिंतीवरच्या घड्याळात पाहिलंत, मनाशी काही पुटपुटलात आणि रजिस्टरमध्ये वेळ टाकलीत. मी माझ्या घड्याळाशी ताडून पाहिलं. भिंतीवरचं दहा मिनिटं पुढे होतं, तुमची नोंद मात्र मिनिटाला बरोबर होती.

"भाऊ, घड्याळ पुढे आहे हे तुम्हाला माहीत आहे. तुम्ही दहा मिनिटं वजा करता. मग ते पुढे ठेवून फायदा काय?"

"मले मालूम हाय," तुम्ही म्हणालात. "घड्याळाले नाई मालूम."

पुढे कधीतरी चहा पिताना खरं कारण कळलं. तुम्ही सिंदेवाहीकडच्या तळ्याकाठच्या गावातले. घरचे सगळे जाळी टाकणारे, आणि तुम्ही टेक्निशियनच्या परीक्षेला निघालेले पहिले. एसटी तुमच्या डोळ्यांसमोरून निघून गेली. पुढची परीक्षा वर्षानं. ते वर्ष तुम्ही तळ्यावर बापाच्या शेजारी बसून काढलंत, बापानं एका शब्दानं बोल लावला नाही, आणि तेच तुम्हाला जास्त लागलं. तेव्हापासून तुमच्या हाताखाली आलेलं प्रत्येक घड्याळ दहा मिनिटं पुढे. घरचं, हातातलं, एक्स्चेंजमधलं. माझ्या टेबलावरच्या घड्याळावरही तुमचा डोळा होता. मी ते खणात ठेवायला लागले.

आपली भांडणं तरी किती! अलार्म वाजला की मी आधी आवाज बंद करायचे, तुम्ही चिडायचात. "आधी लिहा, मंग चूप करा. त्यानं बोंब मारली ते कोणी तरी आयकलं पाहिजे ना." अलार्म म्हणजे कोणी रडत आलेला माणूस असावा तसं तुम्ही बोलायचात. आणि तुमचं ते रजिस्टर! नोंद संपली की खाली उरलेल्या कोऱ्या जागेवर तुम्ही पट्टी लावून तिरकी रेघ मारायचात. एक ओळ उरली तरी रेघ. "रिकामी जागा ठेवली का मांगून कोणीबी येऊन खोटं घुसवते." मी म्हणायचे, हे काय स्टॅम्पपेपर आहे का? तोवर तुम्ही रेघ मारून मोकळे व्हायचात.

पण भाऊ, राजुऱ्याच्या एक्स्चेंजमध्ये कोळशाच्या धुळीनं कार्डं काळी पडायची, ती रंगकामाच्या ब्रशनं कशी झटकायची हे मला कॉलेजात कोणी शिकवलं नव्हतं. तुमच्या डब्यातल्या सुकटीच्या चटणीनं माझ्या डोळ्यांतून पाणी यायचं आणि तरी मी दुसऱ्यांदा हात पुढे करायचे. मॅडमची मॅडमबाई तुम्ही केलीत आणि पुढे तुमचं ऐकून सगळ्या ऑफिसनं केली. घरापासून सातशे किलोमीटरवर मला कोणी थट्टेनं हाक मारत होतं, याचा मला किती आधार होता ते तुम्हाला कधी सांगितलं नाही. हेही राहूनच गेलं.

मग त्या दोघी आल्या. चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन्ही जिल्ह्यांतल्या मोबाइलचा सगळा हिशेब ठेवणारे दोन सर्व्हर, कोणता नंबर कुठे आहे, त्याला बोलू द्यायचं की नाही, हे सांगणारे. एकीनं काम करायचं आणि दुसरीनं तिच्या बरोबरीनं जागं राहायचं. पहिली बसली तर दुसरीनं क्षणात काम उचलायचं. तुम्ही लगेच नावं ठेवलीत, थोरली आणि धाकटी. मी तुम्हाला समजावून सांगितलं की या एकमेकींशी उघड बोलत नाहीत. दर काही तासांनी दोघी नव्या किल्ल्या बनवतात, अदलाबदल करतात आणि त्या किल्ल्यांनी कुलूपबंद करूनच बोलतात. प्रत्येक किल्लीवर ती बनवल्याची वेळ असते. पाच मिनिटांपेक्षा शिळी किल्ली आली की समोरची घेत नाही. तुम्ही जरा विचार केलात. "म्हंजे एकमेकीले हळदीकुंकू लावल्याबिगर गोष्टी नाई." मी इतकी हसले, पण त्यापेक्षा सोपं मलाही कधी सांगता आलं नाही.

धाकटीच्या आतली छोटी बॅटरी मेली म्हणून तिला बंद करून बॅटरी बदलायची होती. तो दिवस मला मिनिटामिनिटानं आठवतो. मी सकाळीच जीपनं गडचिरोलीच्या टॉवरकडे गेले. तुम्ही बॅटरी बदललीत, धाकटीला सुरू केलंत, तिचं पुसलं गेलेलं घड्याळ हातानं लावलंत. आजकालची मशीनं एकमेकांच्या घड्याळावर आपणच नजर ठेवतात. आपल्याकडे ती सोय कोणी चालूच केली नव्हती. मी संध्याकाळी परतले तर पॅनेलवर लाल दिवा, आणि स्क्रीनवर ओळ: किल्ल्यांच्या अदलाबदलीची प्रक्रिया बंद. तुम्ही रजिस्टर उघडून बसला होतात.

"धाकटी रुसली," तुम्ही म्हणालात.

तीन दिवस आपण तिची मनधरणी केली. प्रक्रिया बंद करून पुन्हा सुरू केली. जुन्या किल्ल्या पुसून नव्या बनवल्या. केबल बदलली, कार्ड काढून पुसून बसवलं. दर वेळी तेच, किल्ली नाकारली. का नाकारली ते मशीन सांगेना. मशीन बनवणाऱ्या कंपनीचा माणूस फोनवर म्हणाला, सगळं पुसून पहिल्यापासून बसवा. नागपूरचे साहेब दर दोन तासांनी विचारत होते. थोरली एकटी काम ओढत होती. ती बसली असती तर राजुऱ्यापासून सिरोंच्यापर्यंत एकाचाही मोबाइल लागला नसता. आणि माझी नोकरी अजून पक्की झालेली नव्हती. कायम करायचं की नाही याचा कागद त्याच महिन्यात नागपूरला जायचा होता, आणि बाईमाणसाला हे काम झेपतं का, अशी कुजबुज तिथं चालू आहे हे तुम्हीच मला सांगितलं होतंत, सावध राहावं म्हणून.

तिसऱ्या दिवशी दुपारी तुम्ही म्हणालात, "मॅडमबाई, डायरेक्टरी तपासतो तसं करू. तुमी थोरलीचं वाचा, मी धाकटीचं वाचतो." टेलिफोन डायरेक्टरी छापण्याआधी दोघांनी समोरासमोर बसून मोठ्यानं नंबर वाचायचे, ही तुमची जुनी रीत. मला हसू आलं, पण करण्यासारखं दुसरं उरलंच नव्हतं. दोन स्क्रीनपुढे दोघं पाठीला पाठ लावून बसलो आणि शाळेतल्यासारखं वाचायला लागलो.

मी वाचलं, "किल्ली पाठवली. अकरा चौदा."

तुम्ही वाचलंत, "किल्ली आली. अकरा चार."

पाठवायच्या आधीच पोचली! आपण दोघांनी वळून एकमेकांचा स्क्रीन पाहिला. मग तुम्ही कपाळावर हात मारलात. "अवं बाई! घड्याळ मांगं हाय धाकटीचं. थोरलीची किल्ली तिले उद्याची वाटून राह्यली, अन् हिची तिले शिळी." दोन मिनिटांत तुम्ही धाकटीचं घड्याळ सरळ केलंत. दिवा विझला. स्क्रीनवर ओळ आली, अदलाबदल पूर्ण. मी टाळ्या वाजवल्या. तुम्ही नाही वाजवल्यात. तुम्ही भिंतीकडे बघत उभे होतात.

"दहा मिनिटं मांगं," तुम्ही हळू म्हणालात. "मी भिंतीवरचं पाहून लावलं होतं. दहा वजा केले होते. दोनदा वजा केले असन. वय झालं, मॅडमबाई."

तेव्हा मीही भिंतीकडे पाहिलं. आणि मला आठवलं.

भाऊ, तुम्ही दोनदा वजा केलं नव्हतं. बॅटरीच्या दिवशी नागपूरचे साहेब पाहणीला येणार असं कळलं होतं. भिंतीवर दहा मिनिटं पुढचं घड्याळ बघून ते काय म्हणतील, याची मला लाज वाटली. तुम्ही यायच्या आधी मी स्टुलावर चढले आणि काटा दहा मिनिटं मागे आणून ठेवला. मग साहेब येत नाहीत असा निरोप आला. मी जीपमध्ये बसले आणि विसरून गेले. तुम्ही मनगटावरचं घड्याळ खुंटीला अडकवून आत गेलात, भिंतीवर पाहिलंत आणि रोजच्यासारखी वजाबाकी केलीत. तुमचं काहीच चुकलं नव्हतं. बरोबर घड्याळातून मी तुम्हाला चूक वेळ दिली.

एवढंच वाक्य. तिथंच बोलायला हवं होतं. मी तोंड उघडलंसुद्धा, आणि नेमका नागपूरचा फोन वाजला. धाकटीचं घड्याळ मागे होतं एवढं मी सांगितलं, तर साहेबांनी विचारलं, घड्याळ कोणी लावलं होतं? मी चाचरले. तुम्ही माझ्या हातातून रिसीव्हर घेतलात. "मी लावलं साहेब. चूक माही हाय." आणि मी तुमच्या शेजारी उभी राहून ते ऐकलं.

रजिस्टर मी लिहिलं. कारण: धाकट्या सर्व्हरचे घड्याळ आपोआप मागे पडले. तुमचं नाव घालायचं नव्हतं आणि माझं घालायची हिंमत नव्हती. तुम्ही वाचलंत आणि पहिल्यांदा माझ्यावर खरोखर रागावलात. "आपोआप? घड्याळ आपोआप मांगं जात नाई. कोणी तरी नेते. माहं नाव लिहा." मी म्हटलं, राहू द्या ना भाऊ. "राहू काऊन द्याचं? रजिस्टर खोटं झालं ना." मी रडवेली झाले तेव्हा तुम्ही खाली सही केलीत आणि वही मिटलीत. माझ्या हातावर हात ठेवून म्हणालात, "बरं. लिहाल मंग कधी." दुसऱ्या दिवशी भिंतीवरचं घड्याळ पुन्हा दहा मिनिटं पुढे होतं. कोणी केलं असं मी विचारलं नाही.

पुढचं आठवलं की अजून मान खाली जाते. आठवड्याभरात पत्र आलं, तुम्ही सर्व्हर रूममध्ये काम करू नये म्हणून. निवृत्तीला आठ महिने उरले होते. ते तुम्ही खाली तक्रारीच्या खिडकीत काढलेत. मी नोकरीत कायम झाले. त्या दिवशी पेढे मीच तुमच्यापुढे धरले, आणि तुम्ही दोन उचललेत. "एक पेढा दोनदा वजा कराचा," म्हणालात आणि हसलात. रोज जेवणाच्या सुट्टीत जिना चढून यायचात, दाराच्या काचेतून आत बघायचात आणि विचारायचात, "दोघी बहिणी बोलून राह्यल्या ना?" आत यायचा नाहीत. पत्रात नाही म्हटलंय ना, मग नाही. मी दार उघडून धरायचे तरीही.

निरोपाच्या भाषणात तुम्ही तोच किस्सा सांगितलात, दोनदा वजा करणाऱ्या माणसाचा. सगळे पोट धरून हसले. मी दुसऱ्या रांगेत बसून हसले. भाऊ, आयुष्यात मी केलेली सगळ्यात वाईट गोष्ट कोणती असं कोणी विचारलं तर मी ते हसणं सांगेन. कार्यक्रम झाल्यावर तुम्ही भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवून म्हणालात, "आता याले खुशाल मांगं करा, मॅडमबाई." मी तुमच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तुमचा चेहरा नेहमीसारखाच होता. मी ते घड्याळ नंतर कधीच मागे केलं नाही. बदली होईपर्यंत मी तिथं रोज दहा वजा करत होते.

तेरवीची जेवणं आटोपल्यावर प्रमोद बाहेर पायरीवर आला. हातात ते रजिस्टर. एक्स्चेंजमधली जुनी कागदपत्रं रद्दीत काढली तेव्हा तुम्ही ते मागून आणलंत म्हणे. "बाबा म्हनत, हे मॅडमबाईले द्याचं. त्यायचं काम बाकी हाय त्यात."

मी पान शोधलं. फार शोधावं लागलं नाही, तिथं तुम्ही बसचं जुनं तिकीट घालून ठेवलं होतंत. पानभर तुमचं बारीक, उभट अक्षर. प्रत्येक नोंदीखाली तिरकी रेघ, अर्ध्या ओळीपुरती जागा असली तरी. माझ्या नोंदीखाली तुमची सही होती, आणि तिच्याखाली दोन ओळी कोऱ्या. रेघ नव्हती. मी पुढची पानं चाळली, मागची चाळली. साऱ्या वहीत रेघ न मारलेल्या तेवढ्या दोनच ओळी होत्या.

मग मी रडले भाऊ, चांगली हुंदके देऊन रडले. वहिनी बाहेर आल्या आणि शेजारी बसल्या. तुम्हाला सगळं ठाऊक होतं. कदाचित भिंतीकडे बघत उभे होतात तेव्हाच. एकदा वजा केलं की दोनदा, हे तुमच्यासारख्या माणसाला कळत नाही होय! माझा कागद नागपूरला जायचा होता, म्हणून तुम्ही फोन हातातून घेतलात. आणि माझं खोटं मात्र तुम्ही झाकून टाकलं नाहीत. माझ्यासाठी जागा सोडून वाट बघत बसलात, सात वर्षं. मी जाऊन तुमच्यासमोर लिहायला हवं होतं. तेवढं तुमचं देणं माझ्याकडून राहून गेलं, आणि ते आता कशानंही भरून येणार नाही.

प्रमोदकडून पेन मागून घेतलं आणि आतल्या खोलीत, तुमच्या फोटोसमोर बसून लिहिलं. "वरील कारण खोटे आहे. भिंतीवरचे घड्याळ मी कोणाला न सांगता दहा मिनिटे मागे केले होते. सदाशिवभाऊंनी दहा मिनिटे एकदाच वजा केली." दोन ओळी पुरल्या, थोडी जागा उरली. सही केली, वहिनींच्या शिवणाच्या डब्यातली पट्टी मागून घेतली आणि उरलेल्या जागेवर तिरकी रेघ मारली.

नोंदीची वेळ टाकायची राहिली होती. मनगटावरचं घड्याळ मी आत येतानाच काढून खुंटीला अडकवलं होतं, का ते माझं मलाच कळलं नाही. वर भिंतीकडे पाहिलं. तुमच्या घड्याळात तीन वाजून पंचवीस मिनिटं झाली होती. मी तीन पंधरा लिहिलं.